संथ सिनेमा पाहून झाल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आम्ही काही मित्रमंडळी अधूनमधून एखाद्या रविवारी पडदा लावतो. हॉल ओळखीच्या माणसाचा, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, प्रोजेक्टर उसना. सिनेमे बहुतेक असे की ज्यांत गाणी नाहीत, मारामारी नाही, आणि घरी गेल्यावर कुणी 'गोष्ट काय होती?' असं विचारलं तर दोन वाक्यांपुढे जाता येत नाही. सिनेमानंतरच्या चर्चेत कुणी फारसं बोलत नाही. खरे प्रश्न नंतर येतात, चहाचा कप हातात घेऊन, बाजूला बोलावून, जरा आवाज खाली आणून. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. ती माझी आहेत. आमच्यातल्या सगळ्यांना पटतीलच असं नाही.

सगळे गप्प होते, दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. मला मात्र काहीच वाटलं नाही. माझंच काही कमी पडतंय का?

हॉलमधल्या शांततेवर फार विश्वास ठेवू नका. त्या शांततेत एखादा खरोखर हललेला असतो, एखादीच्या डोक्यात 'गॅस बंद केला होता ना?' एवढंच चालू असतं, आणि दोघं-चौघं आधी कोण उठतंय याची वाट बघत असतात.

संथ सिनेमात मोकळा वेळ फार. पडद्यावर म्हातारा माणूस पंख्याने वारा घेत बसलाय आणि दिग्दर्शकाला कसली घाई नाही, तेव्हा तो वेळ आपण आपल्याच गोष्टींनी भरतो. कुणी आईच्या आठवणीने, कुणी कर्जाच्या हप्त्याने, कुणी भावाशी बंद पडलेल्या बोलण्याने. म्हणून एकाच रांगेतल्या दोघांना दोन भलत्याच ठिकाणी लागतं, आणि तिसऱ्याला लागतच नाही. त्यात कुणी नापास होत नसतं.

एक भेद मात्र मी पाळतो. 'मला काय वाटलं' यात चूक-बरोबर नसतं. 'पडद्यावर काय झालं' यात असतं. पहिल्याबद्दल तुम्हाला कुणी खोडू शकत नाही. दुसऱ्याबद्दल कुणी खोडलं तर ऐकून घ्यावं. बऱ्याचदा आपल्या नजरेतून काय निसटलं ते तेव्हाच कळतं.

हे सिनेमे मुद्दाम इतके हळू करतात का?

हो, मुद्दामच. आजच्या धंदेवाईक सिनेमात एक शॉट साधारण तीन-चार सेकंदांत बदलतो. डोळ्यांना काही शोधावं लागत नाही, सगळं कापून हातात दिलेलं असतं. संथ सिनेमात शॉट लांबतो आणि काय बघायचं ते आपल्यावर सोडलेलं असतं.

पण नुसते लांब शॉट म्हणजे संथ सिनेमा नव्हे. काय गाळलंय तेही बघा. यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) आम्ही दाखवला होता. त्यात म्हातारी आई आजारी पडते. रात्री डॉक्टर मुलगा सांगतो की सकाळपर्यंत काही खरं नाही. पुढच्या दृश्यात सकाळ झालेली असते. जातानाचा क्षण दाखवलेलाच नाही. त्याआधी गाडीत तिची तब्येत बिघडली, वाटेत ओसाकाला उतरावं लागलं, हेसुद्धा आपल्याला मुलाच्या बोलण्यातून कळतं. ज्या प्रसंगांवर दुसऱ्या कुणी अर्धा तास वाजंत्री लावली असती ते वगळलेत, आणि ज्यावर कुणी थांबत नाही तिथे, म्हणजे बॅग भरणं, घाम पुसणं, पाहुण्यांनी कुठे झोपायचं याची कुजबूज, तिथे पुष्कळ वेळ दिलाय.

मला कंटाळा आला. उघड म्हणावं का?

म्हणावं. आमच्याकडे पहिल्याच खेळाला मागच्या रांगेतून आवाज आला होता, 'काय बघूलालास बे इतका वेळ?' आणि अर्धा हॉल हसला. मला तो माणूस आवडला. कंटाळा लपवून 'अप्रतिम, अप्रतिम' म्हणणाऱ्यांपेक्षा त्याच्याशी बोलायला मजा येते.

कंटाळ्याचे माझ्या हिशेबी दोन प्रकार. पहिला सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांतला. डोळ्यांना रोजचा वेग हवा असतो आणि तो मिळत नाही, म्हणून चुळबूळ होते. हा बसतो आपोआप. नान्नजच्या माळावर माळढोक बघायला गेलेला माणूसही आधी अर्धा तास नुसतं वाळलेलं गवत बघतो. मग हळूहळू त्याच गवतात काय काय हलतंय ते दिसायला लागतं. माळढोक दिसेलच याची खात्री नाही, आणि आता तर तो फारच दुर्मीळ झालाय, पण बघणं सुरू झालेलं असतं.

दुसरा प्रकार खरा कंटाळा. तासाभरानंतरही चौकटीत बघण्यासारखं काही सापडत नाही, पात्रं उदास चेहऱ्याने खिडकीबाहेर बघतात आणि दिग्दर्शकाला वाटतं की खिडकी आली म्हणजे खोली आली. असे सिनेमे पुष्कळ आहेत, त्यांना पारितोषिकंही मिळतात. संथ आहे म्हणून चांगला, हे गणित मला मान्य नाही.

दोन्हींतला फरक ओळखायचा कसा, ते मला पूर्व भागातल्या एका अक्कांनी दाखवलं. शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दिलमान' (१९७५) हा सिनेमा ३ तास २१ मिनिटांचा आहे. २०२२ साली 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला त्यात तो पहिला आला, म्हणून आमच्यातल्या एकाने हट्टाने लावायला लावला. ब्रसेल्समधली विधवा बाई, तिचा मुलगा, तीन दिवस. स्वयंपाक, भांडी, बाजार, आणि दुपारी पैसे देऊन येणारा पुरुष. तासाभरात निम्मे लोक बाहेर. अक्का बसून राहिल्या. त्यांना फ्रेंच कळत नाही, पडद्याखालच्या इंग्रजी पाट्या (सबटायटल्स) वाचता येत नाहीत, घरी तेलुगू. पण त्या सिनेमात बोलणं आहेच किती?

दुसऱ्या दिवशी त्या बाईचे बटाटे जास्त शिजतात. ती पातेलं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते, ठेवायचं कुठे ते तिला सुचत नाही. तिथे अक्का मोठ्याने म्हणाल्या, 'हिचा हात बिघडला.' आम्ही बाकीचे तोवर 'आता काहीतरी घडू दे' म्हणत होतो. त्यांच्या लेखी घडून गेलं होतं. अक्कांनी आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्यात. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. त्या म्हणाल्या, डोक्यात काही शिरलं की आधी हाताला कळतं. बिडी सैल येते आणि कारखान्यात ती बाजूला काढतात. मग त्यांनी एकेक मोजून दाखवलं: झग्याचं बटण लावायचं राहिलं, पैसे ठेवते त्या भांड्यावर झाकण नाही ठेवलं, केस विस्कटलेत. सिनेमाच्या अभ्यासाच्या पुस्तकांत याच खुणा दिलेल्या असतात. अक्कांना सिनेमा आवडला का? 'आवडायला काय आहे त्यात? बघवत नव्हतं,' असं म्हणाल्या. उठल्या मात्र नाहीत.

तर स्वतःला एवढंच विचारा: चौकटीत बदल होतोय का? होत असेल आणि तुम्हाला दिसत नसेल, तर थोडं थांबा. होतच नसेल, तर खुशाल कंटाळा.

मला झोप लागली. अपमान होतो का सिनेमाचा?

अब्बास किआरोस्तामी या इराणी दिग्दर्शकांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं की प्रेक्षकाला थिएटरात झोपवणारे सिनेमे त्यांना आवडतात. ज्या सिनेमात आपल्याला डुलकी लागली त्यांनीच रात्री जागवलं, असा त्यांचा अनुभव. तेव्हा परवानगी वरूनच आहे. शिवाय मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे, आमरस जेवून दुपारी तीनच्या खेळाला आलात तर दोष ओझूचा नाही. घोरू नका, एवढीच विनंती.

रडू येण्यासारखं काही नव्हतं, तरी भलत्याच जागी डोळे भरून आले. असं का होतं?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे पुरुष.

'टोकियो स्टोरी'चंच घेतो, कारण सोलापूरच्या प्रेक्षकावर त्याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचा झालेला मी पाहिला नाही. ओनोमिची या लहान बंदराच्या गावातले म्हातारा-म्हातारी टोकियोतल्या मुलांकडे जातात. मुलं वाईट नाहीत, कामात आहेत. मुलगा डॉक्टर, मुलीचं केशकर्तनालय. आई-वडिलांना वेळ कोण देणार? मग दोघं भाऊबहीण पैसे काढून त्यांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना धाडतात. तिथे रात्रभर गोंगाट, झोप नाही. सकाळी दोघं समुद्राच्या कठड्यावर बसतात, परत जाऊ या म्हणतात, आणि उठताना आईला चक्कर येते. एवढंच. त्यांची खरी काळजी घेते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको.

आता आमच्या हॉलमध्ये बसलेले लोक कोण? ज्यांची मुलं हिंजवडीत, खराडीत आहेत. जे 'हुतात्मा' एक्स्प्रेसने पुण्याला जातात, सोबत शेंगा चटणी आणि कडक भाकरीची पिशवी, आणि चार दिवस ठरवून गेले की तिसऱ्या दिवशी 'घराला कुलूप आहे, झाडांना पाणी नाही' म्हणून परततात. एक निवृत्त शिक्षक आईच्या मृत्यूला रडले नाहीत. ते रडले कठड्याच्या दृश्यात, 'परत जाऊ या' ला. का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण ते शेजारच्या खुर्चीवर बायकोसोबत बसले होते आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं, तेवढं मला दिसलं.

त्याच सिनेमात अंत्यविधीनंतरच्या जेवणात मुलगी आईचे कपडे आठवण म्हणून मागून घेते. आमच्याकडे तिथे बायका फसकन हसल्या. तेराव्यानंतर कपाटातली इरकल कुणाची आणि पैठणी कुणाची यावरून काय काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं. हसून झाल्यावर एकदम शांत. रडू आणि हसू एवढ्या जवळून येतात, आणि ओझू दोन्हींना अडवत नाही.

आता 'का' विचारलंत म्हणून. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा आठ रसांपैकी एक, त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, शोक. शोक कुणालाच नको असतो; मग करुण नाटक बघायला लोक आपणहून का जातात? भट्टनायक या जुन्या साहित्यशास्त्रकाराने यावर साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगभूमीवरचं दुःख अमक्याचं-तमक्याचं राहत नाही, ते सगळ्यांचं होतं, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. मला हे अर्धंच पटतं. त्या शिक्षकांच्या बाबतीत उलट झालं. जपानी म्हाताऱ्याचं दुःख सगळ्यांचं झालं नाही, थेट त्यांचं एकट्याचं झालं.

दुसरी गोष्ट, सिनेमा स्वतः रडणं आवरतो तेव्हा आपल्याला आवरत नाही. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) बाप हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो. मुलगी दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू दाखवता दाखवता तो दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो, आणि त्याची बायको सर्वजया कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, आवाज तिचा येत नाही. त्या जागी तार शहनाई हे तंतुवाद्य वाजतं. तिचा टाहो ऐकवला असता तर आपण 'बिचारी' म्हणून मोकळे झालो असतो. ऐकू येत नाही, म्हणून तो आपल्याला मनात पुरा करावा लागतो.

रडलो हे घरच्यांनी पाहिलं. आता चिडवतात.

चिडवू द्या. पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या.

मला वाईट वाटलं नाही, राग आला. सिनेमाचा की लोकांचा, तेही कळेना.

हीदेखील चांगली प्रतिक्रिया आहे, आणि काही सिनेमे ती मिळवण्यासाठीच केलेले असतात. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याच्या जेऊरचे नागराज मंजुळे, त्यांचा 'फँड्री' बघा. तो काही कोपऱ्यात पाय दुमडून बसलेला संथ सिनेमा नाही, पण शेवटचा भाग मुद्दाम ताणलेला आहे. जब्या या दलित पोराचं कुटुंब डुकरं पकडतंय, गावातली पोरं दगडावर बसून खिदळतायत. मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि हे सगळे, डुक्कर समोर असूनही, ताठ उभे राहतात. थिएटरात लोक हसतात. हसता हसता लक्षात येतं की पडद्यावर खिदळणारी पोरं आणि आपण एकाच बाजूला बसलोय. मग जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो.

राग येणाऱ्यांना मी विचारतो, कुठल्या मिनिटाला आला? बरेच जण 'दगडाला' म्हणतात. मोजके जण म्हणतात, 'मी हसलो तेव्हा.' या दुसऱ्यांशी बोलणं रात्री हॉलचा वॉचमन किल्ल्या वाजवेपर्यंत चालतं.

दिग्दर्शकावर राग आला असेल, तर तोही सांगा. दुःखाचा वापर करून आपल्याला पिळून काढलं असं वाटलं तर ते बहुधा खरंच असतं. मूल आजारी पाडायचं, पाऊस पाडायचा, व्हायोलिन लावायचं आणि वर कॅमेरा स्थिर ठेवून कलात्मक म्हणायचं, हा प्रकार चालू आहे.

शेवट कळला नाही. तुम्हाला कळला का?

बऱ्याचदा शेवटात कळण्यासारखं कोडं नसतंच, फक्त तो आपल्याला हव्या त्या जागी नसतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'च्या वेळी हे फार झालं. लोकशाहीर नारायण कांबळेंवर खटला, की त्यांच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. सुनावणी, तारीख, पुन्हा तारीख. कॅमेरा कोर्टाच्या खोलीत मागे उभा राहतो, एखादा साक्षीदार बघायला आलेला माणूस उभा राहावा तसा नव्हे, तर कारकुनासारखा, कसलीच उत्सुकता न दाखवता. मग कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं जातात, दिवे एकेक बंद होतात, दार लागतं, पडदा काळा. आमच्याकडे लोक उठले, टाळ्याही वाजल्या. आणि सिनेमा पुन्हा सुरू!

न्यायाधीश सहलीला गेलेत. रिसॉर्ट, पोहण्याचा तलाव, नातेवाईक. एका मुलाला बोलण्याची अडचण आहे, तर हे साहेब अंकशास्त्राचा आणि खड्याच्या अंगठीचा सल्ला देतात. मग बाकावर डुलकी काढतात, पोरं जवळ येऊन ओरडतात, हे दचकून उठतात, हाताला आलेल्या पोराच्या कानाखाली देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. संपला.

'मग त्या शाहिराचं काय झालं?' हा प्रश्न आला. अगदी रास्त. तुम्हाला त्याचं काय झालं हे कळावंसं वाटतंय, आणि ज्यांच्या हातात ते आहे ते झोपलेत. ही अस्वस्थता घेऊनच बाहेर पडावं अशी त्या सिनेमाची रचना आहे, असं मला वाटतं. दार बंद झालं तिथेच सिनेमा संपला असता तर आपण उदास होऊन चहा पिऊन घरी गेलो असतो.

शब्द येत नाहीत. लाँग टेक, फ्रेमिंग वगैरे. चर्चेत बोलायचं कसं?

त्या शब्दांशिवायच बोला. काय दिसलं, काय ऐकू आलं, कुठे नजर गेली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणण्यात ज्यांची हयात गेली असे एक अण्णा आमच्याकडे येतात. त्यांनी 'टोकियो स्टोरी'नंतर पहिलाच मुद्दा मांडला तो होड्यांचा. सुरुवातीला बंदरात होडीच्या इंजिनाची पुकपुक ऐकू येते, शेवटी म्हातारा घरात एकटा बसलाय तेव्हाही बाहेर तीच. आमच्यातल्या दोन अभ्यासू मंडळींना कॅमेऱ्याची उंची दिसली होती, की ओझू तो जमिनीवर बसलेल्या माणसाच्या पातळीला ठेवतो; पुकपुक नव्हती ऐकू आली. अण्णांना यायचीच. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो आणि तो खडखडाटातही ओळखावा लागतो, नाहीतर माल खराब.

पार्श्वसंगीत नसलं की बेचैन होतं, अशी तक्रार करणाऱ्यांना मी अण्णांच्या शेजारी बसवतो.

इंग्रजी पाट्या वाचायला वेळ लागतो, तोवर दृश्य जातं.

अडचण खरी आहे. आम्ही अर्ध्या पानाची मराठी गोष्ट छापून आधी वाटतो, पात्रांच्या नावांसकट. 'शेवट सांगून टाकलात' म्हणून काही जण रागावतात. असल्या सिनेमात शेवट आधी कळल्याने फारसं बिघडत नाही, आणि पाटी वाचण्यात चेहरा हुकला तर पुष्कळ बिघडतं.

मोबाईलवर, दीडपट वेगाने पाहिला तर चालेल का? दोन-तीन बैठकीत?

दीडपट वेगाने नको. इतर सिनेमात वेग वाढवला की गोष्ट तरी हाती लागते. यात गोष्ट मूठभर. बाकी सगळं वाट बघणं आहे, आणि तेच कापलं तर उरणार काय? 'कोर्ट'मधल्या तारखा दीडपट वेगाने पडल्या तर न्यायव्यवस्था फार कार्यक्षम वाटायला लागेल.

बैठका करायला माझी हरकत नाही. माणसाला संसार असतो. फक्त प्रसंग पुरा होऊ द्या आणि मगच थांबा. फोन उलटा ठेवा, तोही दुसऱ्या खोलीत. मोठा पडदा आणि अंधार मिळाला तर उत्तम, कारण अंधारात उठून जायला लाज वाटते आणि त्या लाजेचा थोडा उपयोग होतो.

सोलापुरात असे सिनेमे मुळात लागतात का?

मराठी असले तर कधीमधी, आणि तेव्हा लगेच जावं लागतं. एखादाच खेळ, तोही अडनिड्या वेळी, आणि पुढच्या शुक्रवारी गायब. 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणणाऱ्यांचा सिनेमा हमखास हुकतो. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे थिएटरांत आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला मुलगा आणि त्याचा गावातला मित्र. असा सिनेमा लागला की त्याच आठवड्यात गाठायचा.

बाकी ओटीटी आहे. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव बहुतेक वर्षी जानेवारीत असतो, नेमका आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास; नंदीध्वजांच्या काठ्या बघायच्या की सिनेमा, हा पेच सोलापूरकराला दरवर्षी पडतो. मी अजून एकदाही नंदीध्वज चुकवलेले नाहीत, यावरून काय ते समजा.

आई-वडिलांना सोबत आणायचंय. सुरुवात कशाने करू?

वारी करणारं घर असेल तर सुमित्रा भावे यांचा 'दिठी'. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा, जेमतेम दीड तासाचा. रामजी लोहार, वर्षानुवर्षांचा वारकरी, त्याचा तरुण मुलगा पुरात गेलाय. बाहेर संततधार. जो विठ्ठल इतकी वर्षं आपला होता त्याच्याशी आता बोलणंच होत नाही. आणि अशात रात्री अडलेल्या गाईला सोडवायला त्याला बोलावणं येतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही, आणि 'हळू आहे' असं एकही जण म्हणाला नाही. भावे एप्रिल २०२१ मध्ये गेल्या आणि पुढच्याच महिन्यात हा सिनेमा ओटीटीवर आला. मोठ्या पडद्यावर बघायचा तो.

तीन तास एकविस मिनिटांच्या बटाट्यांनी सुरुवात करू नका. अक्का अपवाद.

नवरा म्हणतो, 'हे सगळं ढोंग आहे.' आमचं भांडण झालं.

कुठल्या सिनेमावरून ते कळल्याशिवाय तुमची बाजू घेता येणार नाही. तो बरोबरही असू शकतो. त्याला एवढं विचारा की ढोंग नेमकं कुठल्या दृश्यात वाटलं. दृश्य सांगता आलं तर त्याने सिनेमा पाहिलाय, भांडण पुढे चालू ठेवा. नाही सांगता आलं तर जेवायला वाढा आणि विषय बदला.

घरात नुकतंच माणूस गेलंय. यावं की नको?

आम्हाला आधी विचारा. सिनेमात आजारपण, मृत्यू, अपघात, आत्महत्या यांतलं काय आहे आणि किती आहे, ते आम्ही स्पष्ट सांगू. काही जणांना अशा दिवसांत हे सिनेमे आधार देतात, कारण तिथे कुणी 'सावर आता' म्हणत नाही. काहींना झेपत नाहीत. आधी सांगता येत नाही, म्हणून कडेची खुर्ची घ्या, मधेच उठून बाहेर गेलात तर कुणी वळून बघणार नाही. बाहेर व्हरांड्यात आमच्यातलं कुणी ना कुणी असतंच.

सिनेमाकडून इलाजाची अपेक्षा मात्र ठेवू नका. झोप, जेवण, काम सगळंच आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

त्या दिवशी काहीच वाटलं नव्हतं. चार दिवसांनी भाजी घेताना अचानक आठवला. पुन्हा बघू का?

घाई नको. उशिरा येणारी आठवण बऱ्याचदा एका बारीकशा गोष्टीची असते: कठडा, पातेलं, साडी. आधी ती लिहून ठेवा किंवा कुणाला तरी सांगा, जशी आठवतेय तशी. मग पुन्हा बघा. आठवणीतलं दृश्य आणि पडद्यावरचं दृश्य सहसा जुळत नाही. रंग वेगळा असतो, माणूस भलत्याच बाजूला बसलेला असतो, आणि जे वाक्य आपल्याला पाठ आहे ते कुणी म्हटलेलंच नसतं. ते वाक्य तुम्ही कुठून आणलंत, याचा शोध लागला तर आम्हालाही सांगा.

पुढच्या वेळी काय दाखवणार? येताना काही आणायचं का?

ठरलेलं नाही. निम्म्यांना पुन्हा ओझू हवाय, निम्म्यांना 'एकदा तरी काहीतरी घडणारा' हवाय. उशी आणा, खुर्च्या कडक आहेत. पाण्याची बाटली आणा. शेंगा आणणार असाल तर घरूनच सोलून आणा. ओझूच्या सिनेमात टरफलाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि मग अण्णा वळून बघतात.